खोकं थोरल्याला, यंत्र धाकट्याला

माझे दोन भाऊ, नि दोघंही गाढव. मी बहीण हाय म्हणून बोलते. दुसरं कुणी बोललं तर त्याचं थोबाड रंगवीन.

थोरला काळूराम, त्याला आमी दादा म्हणतो. धाकटा महिपत. मधली मी, रंभा. माहेर आमचं सरळगावच्या पुढं, मुरबाडला जाताना मोठा रस्ता सोडून आत. मला दिली सापगावला, शहापूरजवळ. एसटी मिळाली तर किन्हवलीवरून सरळ जाता येतं, नाय मिळाली तर बसा रस्त्याकडं तोंड करून. तरी मी जायचीच. दोन भाऊ एका गावात, मध्ये जेमतेम दोन-चार घरं, नि दोघांची तोंडं दोन दिशांना. मी एकाकडं चहा प्यायची नि दुसऱ्याकडं जेवायची. पुढच्या खेपेला उलट करायची. नायतर कुणाकडं किती वेळ बसले हे बघायला दोघं टपलेलेच असायचे.

भांडणाचं मूळ काय, तर बाबाचा रेडिओ. तसं सगळ्यांच्या भांडणाचं मूळ जमिनीतच असतं, पण आमच्याकडं नाव रेडिओचं लागलं.

गावात वीज आली त्या साली बाबानं तो कुठून तरी आणला होता. मोठं लाकडी खोकं, पुढं कापड लावलेलं, आत काचेचे वॉल्व. बटण फिरवलं की आधी ते नुसते लाल व्हायचे. आवाज यायचा मागून, सावकाश. तेवढ्या वेळात आई चुलीवर चहाचं आधण ठेवून यायची. बातम्या, बाजारभाव, भजनं, जे लागेल ते ऐकायचं. सगळी आळी आमच्या ओटीवर. मंग बाबा गेला, नि वर्षसराद्ध होतंय न होतंय तोच दोघांनी वाटणी मागितली.

वाटणीला पंच होता भिमातात्या. शहाणा म्हणून गावात नाव होतं त्याचं. आमच्याकडं तेव्हा एक रीत होती. दोन भाऊ नि बैलजोडी एक, असं असलं तर जोडी एकाला द्यायची नाय. एकेक बैल दोघांना. म्हणजे नांगरटीच्या वेळेला दोघांना एकमेकांच्या दारात जावंच लागतं. अबोला धरला तर दोघांची शेतं पडीक. आमच्या बैलांचं तसंच केलं. भांडी झाली, भात झालं, आंब्याची झाडं झाली, राहिला रेडिओ. दोघं म्हणाले, मला पायजे. मला द्यावा हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाय, ते सोडा. भिमातात्यानं पेचकस मागवला, मागची फळी काढली, वायरी सोडवल्या, यंत्र अलगद बाहेर ओढलं नि म्हणाला, "खोकं थोरल्याला, यंत्र धाकट्याला. ऐकायचं असलं तर बसा एकत्र."

लोकांनी काय माना डोलवल्या! बैलासारखंच झालं म्हणे. अरे, बैलाशिवाय पोट भरत नाय म्हणून माणूस गिळतो राग नि जातो भावाच्या दारात. रेडिओशिवाय कुणाचं काय अडतंय? एवढं त्या शहाण्याला कळलं नाय.

पहिल्या दिवाळीला महिपत यंत्र पाटीत घालून, वर टॉवेल टाकून दादाकडं घेऊन आला. दोघांनी मिळून बसवलं, ऐकलं, फराळ केला. मी होते तिथं. काय सांगू, आई तर नुसती दोघांकडं बघत बसली होती. नि पुढच्या उन्हाळ्यात बांधावरच्या ऐनाच्या झाडाचा पाला राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कुणी तोडायचा यावरून जुंपली. झाड एक, बांध एक, नि दोघांच्या हातात कोयते. लोकांनी सोडवलं. दादा तसाच तणतणत घरात आला, देव्हाऱ्याला हात लावला नि सगळ्यांसमोर बोलला, "बाबाचं यंत्र या घरात येत नाय तोवर महिपतनं माझी पायरी चढायची नाय, नि मी त्याची चढणार नाय."

देव्हाऱ्याला हात लावून बोललेलं आमच्यात मागं घेत नाय. मेलं तरी नाय. आईनं दोघांच्या हातापाया पडून बघितलं. आई गेली तेव्हा अंगणात दोघं दोन टोकांना उभे होते. पुढं जुना देव्हारा वाळवीनं खाल्ला, तर दादानं ते रिकामं रेडिओचं खोकं भिंतीला ठोकलं नि देव त्यातच बसवले. म्हटलं, वा रे वा! आता तर यंत्र आलं तरी देवांना उठवायला लागेल.

वर्षं गेली. नांगरटीला एकमेकांचा बैल अंगणातूनच न्यायचे, पायरी न चढता. बैल गेले, ट्रॅक्टर आले, सुना आल्या. दादाचा पोरगा वाशिंदला कारखान्यात लागला, घरी सून माधुरी. पोरगी चांगली हाय. गेल्या पावसापासून दादाला श्वास पुरेना. छातीचं दुखणं. तपासण्या झाल्या, नळ्या झाल्या, नि शेवटी डॉक्टर म्हणाला, घरी न्या, सेवा करा. सेवा करा म्हणजे काय, ते आमाला न सांगता कळतं.

मी गेले बघायला. दादा खाटेवर तीन उश्या पाठीला लावून बसलेला. आडवा झाला की जीव गुदमरायचा. माधुरी भांड्यांना गेली तसा हळूच म्हणाला, "रंभे, महिपत दिसतो का गो तुला?"

"दिसतो की. जेवले ना मागच्या खेपेला."

"बरा हाय?"

"बरा हाय. तुझं विचारत होता."

साफ खोटं. महिपतनं चकार शब्द काढला नव्हता. पण दादाचं तोंड असं उजळलं! "काय विचारत होता?" म्हणाला. मी म्हटलं, हेच, जेवतो का, झोपतो का. तर पुन्हा म्हणाला, "अजून काय म्हणाला?" आजारी माणसाला एवढी भूक मी कधी बघितली नव्हती. तिथंच ठरवलं, हा जायच्या आधी त्या धाकट्या गाढवाला कान धरून इथं आणायचा.

उठले नि तडक महिपतकडं. तो ओटीवर सुंभ वळत बसलेला.

"दादा चालला रे. चल माझ्याबरोबर."

"मी कसा येऊ, बाय? देव्हाऱ्याला हात लावून बोललाय तो."

"मंग यंत्र उचल नि चल. त्यात काय एवढं?"

तो सुंभ वळत राहिला. वर बघायला तयार नाय.

"बघू नंतर."

"नंतर म्हणजे कधी? तिरडी बांधल्यावर?"

सुंभ टाकून तो उठला नि मागच्या दारानं निघून गेला. मी तोंडाचा पट्टा सोडणार तेवढ्यात त्याची बायको, बाळी, मला हाताला धरून आत घेऊन गेली. पदरानं डोळे पुसायला लागली. "वन्सं, यंत्र नाय घरात."

"नाय म्हणजे?"

"लसणावर गेलं."

आमच्याकडं भंगारवाला येतो, लोखंड-पत्रा घेतो नि बदल्यात लसूण देतो. महिपत कुणाच्या तरी लग्नाला गेला होता, हिनं माळा झाडायला काढला. गंजलेली घमेली, मोडका पंप, त्यातच ते यंत्र, धुळीनं माखलेलं. हिला वाटलं जुन्या पंपाचाच काय तरी भाग. घातलं काट्यावर. महिपत आला, माळ्यावर चढला, उतरला नि ओटीवर जाऊन बसला. "मारलंन पण नाय हो मला," बाळी म्हणाली. "मारलंन असतं तर बरं वाटलं असतं. नुसता बसून राहिला. मला म्हणाला, गावात कुणाला बोललीस तर बघ. तेव्हापासून घरात लसूण आणला की हा जेवत नाय."

किती वर्षं झाली त्याला? माझी नात रांगत होती तेव्हाची गोष्ट, आता ती कॉलेजात जाते. इतकी वर्षं मला वाटत होतं हा ताठ्यात बसलाय. नि हा लाजेनं बसला होता!

आता काय करायचं? मी अशी बसून रडणारी नाय. मी गेले मुरबाडला.

एसटी स्टँडच्या मागं गोजरचं दुकान हाय. एके काळी रेडिओ-टेपवाला म्हणून प्रसिद्ध, आता मिक्सर, पंखे नि टीव्हीचे डबे दुरुस्त करतो. तोंडात तंबाखू, तोंडाला लगाम नाय. मी म्हटलं, वॉल्वचा रेडिओ, नुसतं आतलं यंत्र पायजे. तो म्हणाला, "म्हातारे, तू यायला उशीर केलास. पंचवीस वर्षांपूर्वी यायचं."

"म्हातारा असशील तू. मिळेल का सांग."

"खोक्याचं माप आण. बटणं किती, भोकं कुठं, काच कुठल्या बाजूला. एकाच कंपनीचे पुष्कळ निघाले होते. मेलेला का होईना, तसला एखादा सेट सापडला तर बघू."

माप कसं घ्यायचं? दादाकडं गेले नि म्हटलं, आज देवाला दिवा मी लावते. दिवा लावता लावता वितीनं नि बोटांनी खोकं मापून घेतलं. दादा खाटेवरून बघत होता. म्हणाला, "काय गो, देवांना अंगडी शिवतेस काय?" मी म्हटलं, हो, शिवते. तो हसला नि खोकला लागला, मंग लवकर थांबेचना.

तेव्हापासून मी पायाला भिंगरी लावली. खर्डीला एका बाईकडं तसला रेडिओ हाय असं कळलं. गेले. काचेच्या कपाटात ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल. बाई म्हणाली, शोचा हाय, विकायचा नाय. मी म्हटलं, शो तुमचाच राहील, मला फक्त आतलं द्या, बाहेरून कुणाला कळणार पण नाय. तिनं मला अशी बाहेर काढली जशी मी तिचं मंगळसूत्र मागितलं. माळशेजच्या रस्त्याला त्या मुंबईवाल्यांच्या रिसॉर्टात एक होता. त्यांनी आतलं सगळं काढून फेकून दिलं होतं नि त्यात मनी प्लांट लावला होता! मॅनेजर पोरगा म्हणतो, आजी, सेल्फी काढा. म्हटलं, काढते तुझी. शहापूरच्या बाजारात एका शिंप्याकडं निघाला, मागची फळी काढली तर उंदरांनी आत संसार मांडलेला, वायरीचा एक तुकडा शिल्लक नाय.

शेवटी वाशिंदच्या एका भंगाराच्या वाड्यात, पंख्यांच्या जळक्या गुंडाळ्यांच्या ढिगाखाली एक यंत्र दिसलं. मी गोजरनं सांगितल्याप्रमाणं वितीनं मापलं. बरोबर. छातीशी धरून रिक्षात बसले, साडीला सगळा गंज.

गोजरनं टेबलावर ठेवलं, नि तोंड वाकडं केलं. "हा बघ वॉल्व, आतून पांढरा पडला. हवा शिरली. मेला. हा फुटकाच हाय. ट्रान्सफॉर्मर जळालाय. कंडेन्सर सगळे फुगलेत. म्हातारे, हे यंत्र नाय, मढं हाय."

"मढ्यात जीव घाल मंग. दुकान कशाला उघडलंस?"

त्यानं मोबाईलवर दहा जणांना विचारलं. कल्याणहून एकानं वॉल्व पाठवला, तो दुसऱ्याच नंबरचा. परत पाठवला. दुसरा आला तो पार्सलमध्येच फुटला. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, तर लावल्या लावल्या धूर निघाला, पुन्हा गुंडाळला. एक मिळालं की दुसरं मरायचं. तिकडं दादाचं पण तसंच, ताप उतरला की पायाला सूज, सूज उतरली की अन्न जाईना. मी दोन्हीकडं फेऱ्या मारायची नि दोन्हीकडं एकच विचारायची, आज काय म्हणतोय?

एक दिवस गोजरसुद्धा वैतागला. "खरं सांगू? वाजवायच्या नादाला लागू नको. नुसतं नेऊन ठेव त्याच्या पुढ्यात. त्याला काय कळतंय?"

"नाय. दादा लावून बघेल. नाय वाजलं तर म्हणेल, बघ, सांभाळलं पण नाय नीट."

काचेवरचा काटा फिरवायची दोरी तुटलेली, तिच्या जागी त्यानं मासे पकडायची तंगूस ओढली. वॉल्व शेवटी पुण्याहून आला. नि एका दुपारी, दुकानात दोघंच असताना, त्यानं बटण फिरवलं. वॉल्व लाल झाले. नुसती खरखर. मंग त्या खरखरीच्या मागं कुठं तरी एक बाई बोलताना ऐकू आली. काय बोलत होती देव जाणे. गोजर म्हणाला, घराघरात एलईडी नि चार्जर झालेत, त्यांचा सगळा कचरा आवाजात येतो, याच्यापेक्षा साफ होणार नाय. मला तेवढं पुरे होतं. मी त्या दुकानात, मिक्सरच्या भांड्यांमध्ये बसून ढसाढसा रडले. गोजर उगाच पेचकस पुसत बसला.

यंत्र महिपतकडं नेलं. चुलीतली काजळी नि माळ्यावरची धूळ फासून त्याला नीट म्हातारं केलं. महिपत लांबून बघत होता.

"बाय, हे खोटं हाय."

"तू हरिश्चंद्र कधीपासून झालास?"

"त्याला कळलं तर?"

"कशानं कळतंय? इतक्या वर्षांमागं कधी तरी बघितलेलं. तू फक्त म्हण, दादा, बाबाचं यंत्र आणलं. पुढचं मी बघते." मी खोटं बोलायला लावलं, हो. भावाला भाऊ भेटावा म्हणून लावलं. त्याची मला लाज नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी जाऊन दादाला सांगितलं, महिपत येतोय, यंत्र घेऊन. दादा माझ्याकडं बघत राहिला. "यंत्र घेऊन?" म्हणाला. मी म्हटलं, तुझा शब्द पाळायला नको? मंग माधुरीला म्हणाला, दाढीचं सामान आण. तिनं दाढी करून दिली, धुतलेला सदरा घातला. पाय खाली सोडून बसायचा हट्ट धरला, तसा बसला. मी म्हटलं, देव उतरवून ठेवू का खोक्यातून? तर म्हणाला, "राहू दे. तो येऊ दे आधी."

महिपत आला. पायरीखाली चपला काढल्या, नि तिथंच थबकला. मी आतून डोळे वटारले तेव्हा चढला. म्हाताऱ्या पायांनी चढला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. डोक्यावर पाटी, पाटीवर टॉवेल, तसाच जसा त्या दिवाळीला आला होता. पाटी खाली ठेवली. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. दादा किती वाळलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा चेहरा पडला.

"ये," दादा म्हणाला. "बस."

महिपत बसला नाय. मी सांगितलेलं पाठ केलेलं, ते घाईघाईनं बोलून टाकलं. "दादा, बाबाचं यंत्र आणलं."

दादानं पाटीकडं बघितलं पण नाय. त्याच्याकडंच बघत होता. "बाबाचंच हाय ना?"

"हो."

"तुझ्याकडंच होतं?"

महिपतनं माझ्याकडं बघितलं. "माझ्याकडंच. माळ्यावर."

मी मध्ये पडले. "मी स्वतः काढलंय माळ्यावरून. हे बघ किती धूळ."

दादानं छातीवर हात ठेवला. मला वाटलं दम लागला, म्हणून मी पाण्याला उठले. तेवढ्यात तो म्हणाला, "महिपत, अजून एकदा विचारतो. काय सांगायचं असलं तर सांग. मी रागवत नाय."

आता बोल रे, असं मी ओरडायला पायजे होतं. पण मी काय, मीच तर शिकवून आणलेला त्याला. महिपत म्हणाला, "सांगायचं काय? हे बाबाचंच हाय."

"माधुरी," दादा म्हणाला, "खाटेखालची गोण ओढ."

माधुरीनं खताची जुनी गोण ओढली, तोंड सोडलं. आत धोतरात गुंडाळलेलं यंत्र. धूळ नाय, गंज नाय, तेल लावून ठेवलेलं. काटा फिरवायच्या दोरीला एका जागी चाक म्हणून बाबानं आपल्या कोटाचं काळं बटण बसवलं होतं, ते मी बघितलं नि मट्‌कन खाली बसले. ते बटण आईनं शिव्या देत देत काढून दिलेलं, मी समोर होते.

दादा एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होता. "त्याच दिवशी भंगारवाला तुझ्याकडून माझ्या दारात आला. काट्याखाली बाबाचं यंत्र. मी सोडवून घेतलं. म्हटलं, आलं घरी, आता शब्द सुटला. आता महिपत येईल, रडेल, म्हणेल, दादा, गेलं रे बाबाचं यंत्र. मंग मी हे काढून दाखवीन. दोघं हसू." तो थांबला. "रोज वाटायचं, आज येईल. माधुरी लग्न होऊन आली, तिला सांगून ठेवलं, कुणाला बोलू नको, तो स्वतः येईल. नि आज आलास, तो हे कुणाच्या बापाचं घेऊन आलास?"

महिपतचं तोंड काळंठिक्कर. मला वाटलं आता हा दादाच्या पायावर पडतो, नि सगळं मिटतं. अगदी तोंडाशी आलं होतं हो सगळं. पण आमचंच रक्त ते. त्याची लाज उलटली नि राग होऊन बाहेर आली.

"मंग तू का नाय आलास?" तो ओरडला. "यंत्र आलं तेव्हा तुझाही शब्द सुटला ना? मधली घरं ओलांडून यायला तुला काय झालं होतं? इतकी वर्षं मी तोंड लपवून फिरलो. तुझ्या पोराच्या लग्नात मी मांडवाबाहेर उभा होतो, दादा! तुला ठाऊक होतं नि तू आत अक्षता टाकत होतास!"

"मी थोरला," दादा म्हणाला.

"नि मी कोण? बापाला लसणावर विकणारा! मी कुठल्या तोंडानं यायचं होतं?"

मी दोघांवर ओरडले. काय काय बोलले मला आठवत नाय. मेल्यांनो, गाढवांनो, आता तरी बसा, दोन्ही घरात हायत, जोडा नि बसा, असलं काय तरी. माधुरी भांबावून चहा घेऊन आली, चांगल्या कपात. महिपतच्या पुढं धरला. त्यानं कपाकडं बघितलं, दादाकडं बघितलं. "चहा नको," म्हणाला. आमच्यात घरातला चहा नाकारून उठणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं नि आमालाही ठाऊक होतं. पाटी तिथंच टाकून तो पायरी उतरला. मी मागं धावले, पार त्याच्या दारापर्यंत. त्यानं आतून कडी घातली. बाळी खिडकीतून माझ्याकडं बघून नुसती मान हलवत होती.

परत आले तेव्हा माधुरीनं दादाला पुन्हा उश्यांना टेकवलं होतं. श्वासाची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. मी त्याच्या पायाशी बसले. राग इतका, नि कुणावर काढावा ते कळेना.

"तू हाक मार," मी म्हटलं. "एकदा, नुसती एकदा. तुझी हाक हाय म्हणून सांगते नि त्याला ओढत आणते. आज नाय आला तर उद्या येईल. उद्या नाय तर परवा."

दादानं डोळे मिटलेलेच ठेवले.

"नको, रंभे. इतकी वर्षं मी त्याची वाट तरी बघत होतो. सकाळी उठलो की वाटायचं, आज येईल." त्यानं उशीत मान टेकवली. "आता आला की तो. येऊन गेला."

मी त्याच्या पायांवर गोधडी ओढली नि तशीच बसून राहिले.